आधी पाणी, मग आग

रहिमतपुरात थंडी पडली की पहाटेच परसापरसात बंबाचा धूर दिसतो. आमचा बंब आजीच्या वेळचा, तांब्याचा. मधल्या नळीत जळण, भोवती पाणी, खाली जाळी.

मागच्या दिवाळीत पहिल्या अंघोळीला मी हौसेनं बंब पेटवला. चिपाडं घातली, शेणी घातली, आणि पाणी भरायचंच राहिलं! लक्षात आलं तशी बादली घेऊन धावले. आजीनं हात धरला. "पोरी, तापल्या बंबात पाणी ओतू नको, वाफ तोंडावर येईल!" तोवर तोटीपाशी सांधा सुटला होता.

गुरुजींनी कारण सांगितले. तांबे १०८५ अंशांना वितळते, पण सांध्याचा कथील-शिशाचा डाख २५० च्या आतच पातळ होऊ लागतो. आत पाणी असले की ते १०० अंशांना उकळते, म्हणून पत्रा त्याहून फारसा तापत नाही.

न्हाणीचे दार लावून मात्र बंब कधीच पेटवू नका. हवा कमी पडली की निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. माणूस गुंगीत जातो, जीवही जातो.

आता राख मीच काढते, पाणी शिंपडून. शेजारीच कडब्याची गंज आहे ना!