चौथीतली मैत्री सातवीत का विरते?

धर्मशिक्षणाच्या वर्गात दर वर्षी एक गोष्ट आमच्या लक्षात येते. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या फोटोत खांद्याला खांदा लावून उभी असलेली मुले सहावी-सातवीत गेली की वेगवेगळ्या बाकांवर बसू लागतात. बहुतेक वेळा भांडण झालेलेच नसते. हायस्कूलला गेल्यावर एकाला ‘अ’ तुकडी मिळते, दुसऱ्याला ‘क’. एक सेमी-इंग्रजीला जातो, दुसरा मराठीतच राहतो. एकाची शिकवणी पाच वाजता, तर दुसऱ्याचा फुटबॉल त्याच वेळी. मुलींमध्ये तर वाढीचा वेगही वेगळा असतो. एक मोठी दिसू लागते, दुसरीला अजून भातुकली सोडवत नाही आणि तसे सांगण्याची तिला लाज वाटते.

“दुसरे मित्र मिळतील,” असे आपण सहज म्हणतो. मिळतातही. पण आजी वारली तर सारे घर त्या मुलासोबत रडते. मित्र दुरावला तर त्याला कुणी विचारतही नाही.

ॲरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना नेमका हाच प्रश्न घेतला आहे. बालपणीच्या दोन मित्रांपैकी एक पुढे गेला, दुसरा मागेच राहिला, आवडीनिवडी जुळेनाशा झाल्या, तर मैत्री टिकेल काय? टिकणे कठीण, असे तो स्पष्ट सांगतो. तरुणांची मैत्री आनंदावर उभी असते आणि आनंदाचे विषय बदलले की तीही बदलते, असे त्याचे निरीक्षण आहे. पण तो तिथे थांबत नाही. जुन्या मित्राशी कधी ओळखच नव्हती असे वागावे काय? नाही. झालेल्या सहवासाची आठवण ठेवून त्याला परक्यापेक्षा काही अधिक द्यावे, असे त्याचे मत आहे. मित्र फारच दुष्ट निघाला, तर गोष्ट वेगळी.

म्हणून दुरावणे हे पाप नाही, हे मुलांना आपण सांगायला हवे. कित्येक मुले उगाच अपराधी वाटून घेतात. पाप आहे ते वेगळ्याच ठिकाणी. नव्या गटात जागा मिळावी म्हणून जुन्या मित्राचे गुपित फोडणे, त्याच्या घरची गरिबी किंवा वडिलांचे पिणे चवीने सांगणे, हे पाप आहे. मैत्री संपली तरी विश्वासाने सांगितलेले गुपित आपले होत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी चहाडीला निंदेपेक्षा मोठे पाप मानले आहे. निंदा माणसाची अब्रू घेते, चहाडी त्याचा मित्र तोडते. आणि त्यांच्या मते मित्र अब्रूहून मोलाचा. वर्गात “तो तुझ्याबद्दल असे म्हणाला” हे वाक्य किती सहज फिरते! प्रायश्चित्त संस्काराच्या तयारीत मुले “खोटे बोललो, भांडलो” एवढेच आठवतात. चहाडीही आठवायला शिकवावी.

संतांचीही मैत्री यातून सुटली नाही. संत बाझिल व संत ग्रेगरी नाझियांझेन अथेन्सला एकत्र शिकले. पुढे बिशप झालेल्या बाझिल यांनी 372 साली ग्रेगरींना सासिमा नावाच्या रस्त्यावरच्या आडगावी बिशप नेमले. आपला वापर झाला असे ग्रेगरींना वाटले आणि जुना जिव्हाळा आटला. बाझिल 379 मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ केलेल्या भाषणात ग्रेगरींनी अथेन्सचे दिवस मनापासून आठवले आहेत. सासिमाची तक्रारही लपवलेली नाही. दोन्ही गोष्टी एकाच तोंडून येतात, हे आम्हांला त्या भाषणातील सर्वांत खरे वाटते.

पालकांना एक विनंती. दोघांना बळेच एकत्र बसवून समेट घडवू नका. त्याने मुले अधिकच अवघडतात. मुलाचे ऐकून घ्या, त्या दुसऱ्याला नावे ठेवू नका. “त्याचे मार्क कमी, बरे झाले सुटलास,” असे तर मुळीच म्हणू नका. मूल जेवेनासे झाले, शाळेला जायला टाळू लागले, तर मात्र ते साधे दुरावणे नसून छळही असू शकतो; तेव्हा वर्गशिक्षकांना लगेच भेटा. आणि मुलांचे बोलणे थांबले म्हणून आळीतल्या दोन आयांनी एकमेकींच्या घरी वाटी पाठवणे थांबवू नये. हेही आम्ही पाहिले आहे.