करवंदीच्या जाळीतले रान



काही वर्षांपूर्वी एका पाड्यामागच्या उघड्या टेकडीवर आम्ही झाडे लावायचे ठरवले. रोपांना जागा हवी म्हणून मी करवंदीच्या जाळ्या तोडायला लावल्या. पाड्यातल्या एक आजी म्हणाल्या, "भाऊ, जाळी नको काढू. रान तिच्यातच आहे." मी ऐकले नाही. पुढच्या मे महिन्यापर्यंत बहुतेक रोपे वाळली, उरलेली शेळ्यांनी खाल्ली. चूक माझी होती. तिच्यातून शिकलो, तोच आजचा पाठ.

उजाड जमिनीवर सजीव एका क्रमाने परततात. त्याला अनुक्रमण म्हणतात. नुसता कातळ असेल तर सुरुवात दगडफूल आणि शेवाळापासून होते. ती कुजून चिमूटभर माती होते, मग गवत येते, मग झुडपे, मग झाडे. हे प्राथमिक अनुक्रमण. त्याला शेकडो वर्षे लागू शकतात. पण जंगल तुटूनही माती टिकली असेल, तर तिच्यात बी असते, सागाच्या आणि ऐनाच्या खुंटांना फुटवे येतात आणि रान लवकर उठते. हे दुय्यम अनुक्रमण.

१८ मे १९८० रोजी अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा स्फोट झाला. ५७ माणसे दगावली आणि आसपासचे जंगल आडवे झाले. तरी बर्फाखाली दबलेली काही रोपे आणि बिळात राहणारे गोफर नावाचे प्राणी वाचले. गोफरांनी उकरून जुनी माती राखेवर आणली. राखेच्या माळावर आधी ल्युपिन उगवले. ते आपल्या तुरीच्या, तागाच्या कुळातले. मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देते. त्याच्या आडोशाला वाऱ्याने आलेले बी अडकले आणि रुजले.

आमच्या टेकडीवर हेच काम करवंद करत होती. तिच्या काट्यांमुळे शेळ्या आत शिरत नाहीत, सावलीत ओल टिकते, फळे खायला आलेले पक्षी दुसऱ्या झाडांचे बी टाकून जातात. मी कचरा समजून तोडली, ती रानाची दाई होती.

मात्र सगळीच झुडपे अशी नसतात. घाणेरी पसरली की खालची रोपे गुदमरतात. ती काढावीच लागते. आणि दरवर्षी वणवा लागला, तर क्रम पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

आता आम्ही रोपे कमी लावतो. पाड्यातली माणसे आळीपाळीने राखण करतात, उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात. तिसऱ्या पावसाळ्यात उरलेल्या जाळ्यांमधून ऐनाचे फुटवे डोक्याच्या वर गेलेले मी पाहिले. ते दाखवायला आजीच मला घेऊन गेल्या.

आपण देणगी देताना "किती झाडे लावली?" असे विचारता. यापुढे "किती रान राखले?" असेही विचारा.

चर्चेसाठी प्रश्न :
१. आपल्या परिसरात कोणती जमीन नुसती राखली तरी सावरेल?
२. तिथल्या कोणत्या जाणत्या माणसाला आपण आधी विचारायला हवे?