रिकाम्या बिनमध्ये ५.२ टक्के

‘तुमची वाळूच खराब आहे.’ सेन्सरवाल्यांच्या इंजिनिअरचं हे वाक्य अजून डोक्यात जातं. पावसाळ्यात साइटवरून एम-३० काँक्रीटच्या गाड्या परत येत होत्या, स्लम्प हाताबाहेर, आणि शिव्या खायला आरएमसी प्लांटचा क्यूसी म्हणून मी.

बसवतानाच सांगितलं होतं, ओलावा मोजणारा सेन्सर वाळूच्या धारेत हवा. त्यांनी तो बिनच्या कोपऱ्यात ठोकला, कारण तिथे शिडी सहज टेकत होती. कॅलिब्रेशन मे महिन्यात, एकाच कोरड्या नमुन्यावर. मालकांची सही घेतली नि गेले.

मग एकदा क्रश सँडचा बिन पूर्ण रिकामा झाला. गेट उघडं, आत काही नाही आणि स्क्रीनवर ५.२ टक्के! मी बघतच राहिलो. प्लांट बंद करून आत पाहिलं, तर सेन्सरच्या सिरॅमिक तोंडावर ओल्या भुकटीचा थर बसलेला. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, कोरड्या वाळूचा ३ ते ५. या फरकावर मायक्रोवेव्हचा सगळा खेळ. पण लहरी समोरच्या काही इंचांपलीकडे पोचत नाहीत. तो बिचारा त्या थराचाच ओलावा इमानेइतबारे सांगत होता. पुढच्या गाडीची वाळू तव्यावर भाजली, तर ८ टक्के. घनमीटरला ८५० किलो वाळू धरा, म्हणजे या फरकाचं जवळपास २४ लिटर जादा पाणी. फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘व्हायब्रेटर लावून बघा.’

तेव्हा नवीन सेन्सर घेणाऱ्यांनो, ऐका. वाळू सेन्सरच्या तोंडावरून घासत गेली पाहिजे. वाचन गेट उघडं असतानाचंच धरायचं, त्याची सरासरी काढायची. कॅलिब्रेशन कोरड्यापासून चिंब वाळूपर्यंत निरनिराळ्या ओलाव्यांवर. खाण बदलली, भुकटीचं प्रमाण बदललं की पुन्हा. तव्यावर निघतो तो एकूण ओलावा. वाळूनं पोटात शोषलेलं पाणी त्यातून वजा करायला विसरू नका. रात्रभर पाणी निथळून खाली उतरतं, म्हणून सकाळच्या पहिल्या बॅचवर डोळा ठेवा. तोंड रोज पुसा. कागदपत्रं नीट वाचा, वगैरे तर आहेच.

आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावरच द्या. मे महिन्यात सगळेच सेन्सर बरोबर दाखवतात.