काँक्रीटला पाणी कां द्यावें ?

अंधेरी-बोरिवलीस जावें कीं घाटकोपर-मुलुंडास, नव्या इमारतीच्या स्लॅबवर लहान बांध घालून पाणी भरून ठेवलेलें दिसतें. ओलें काँक्रीट वाळावयाचें, तर त्यावर आणखी पाणी कशाला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु काँक्रीट वाळून कठीण होत नाहीं. सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक संयोगानें तें कठीण होतें. मध्येंच पाणी आटल्यास ही क्रिया मंदावते व भेगा पडतात.

भारतीय मानकाप्रमाणें साधें पोर्टलंड सिमेंट अर्ध्या तासाच्या आंत घट्ट होऊं लागूं नये, व दहा तासांत पूर्ण घट्ट व्हावें. पण घट्ट होणें निराळें, बळकट होणें निराळें. ७ दिवसांत सुमारें दोन-तृतीयांश बळ येतें. खरी कसोटी २८ व्या दिवशीं, १५० मिलिमीटरचे घनाकृति ठोकळे यंत्रांत दाबून घेतात. ८ जून २०१४ रोजीं सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या खांबांसही सृष्टीचा हाच नियम लागू होता.

म्हणून निदान ७ दिवस, आणि राख मिसळलेल्या सिमेंटास निदान १० दिवस, ओलावा राखावा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस व त्याहून मोठ्याखालचे १४ दिवस हलवूं नयेत. चार दिवस वांचविण्यासाठीं जो ही घाई करतो, तो खालीं निजणाऱ्या मुलाबाळांचा जीव धोक्यांत घालतो.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या अभ्यासाचेंही असेंच आहे. आदल्या रात्रीं घोकलेलें सकाळीं घट्ट वाटतें. बळकटी मात्र रोजच्या शिंपणानेंच येते.