आठवडे बाजारातील विक्रीचा हिशेब

सन २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक मिळाली. तथापि आठवडे बाजारात हाती आलेला सारा पैसा नफा नव्हे, हे आम्ही शेतकरीबंधूंच्या नजरेस आणू इच्छितो.

समजा, मेथीच्या १०० जुड्यांचे आडतीवर खर्चवजा ८०० रुपये पदरी पडतात. बाजारात ७० जुड्या १५ रुपयांप्रमाणे खपल्या व सायंकाळी कोमेजलेल्या ३० जुड्या ५ रुपयांप्रमाणे काढल्या, तर १२०० रुपये येतील. पैकी गाडीभाडे, जागापट्टी व दिवसाची मजुरी मिळून ६०० गेल्यास ६०० उरतील. म्हणजे आडतीपेक्षा २०० कमीच! तेच तिघा शेजाऱ्यांनी निरनिराळी भाजी एका गाडीत नेऊन, एकानेच विकून, खर्च वाटून घेतला, तर मेथीवाल्यास १००० उरतील.

सबब घरची मजुरीही खर्चात धरावी व प्रत्येक बाजाराची वही ठेवावी.