उकळत्या चहाची परीक्षा

भद्रावतीच्या ग्रामोदय संघात चाकावर माझा हात बसला. कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभी केलेली ही संस्था. पद्मश्री ब्रह्मदेव पंडितही इथेच घडले. पुढे मी घरामागे छोटी भट्टी बांधली आणि कप-बश्या करू लागलो. त्यातून जे कळलं ते असं.

१. आधी चहा, मग नक्षी. माझ्या पहिल्या खेपेतले कप पांढरेशुभ्र, वर निळी फुलं. बहिणीनं त्यात उकळता चहा ओतला आणि बूड टक्कन फुटलं. बूड जाड नि भिंत पातळ राहिली होती. शिवाय लाकूड वाचवायला भट्टी कमी तापवली होती. पुढे हैदराबादला सालारजंग संग्रहालयात इंग्लिश कप पाहिले आणि त्यांची हकीकत शोधून वाचली. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या कारागिरांना चिन्यांसारखं अस्सल पोर्सलीन साधत नव्हतं. म्हणून काही जण पांढऱ्या मातीत काचेची पूड मिसळत. ते कप दिसायला देखणे, पण उकळत्या पाण्यानं तडकायचे. बो इथल्या कारखान्यानं हाडांची राख घातली. १७५१ साली सुरू झालेल्या वूस्टरच्या कारखान्यानं शंखजिऱ्याचा दगड वापरला आणि त्याचे कप चहाला टिकले. वूस्टरचं नाव झालं ते आधी या टिकाऊपणामुळे, असं मी मानतो.

२. माती आणि ग्लेझ यांचं आकसणं जुळायला हवं. थंड होताना ग्लेझ जास्त आकसलं की त्यावर केसासारख्या भेगांची जाळी पडते. चहा त्यात मुरतो आणि महिन्याभरात कप मळकट होतो. ग्लेझमध्ये गारगोटीची पूड थोडी थोडी वाढवत गेलो, तेव्हा जाळी थांबली.

३. मे महिन्यात कान लावताना जिवाला जपावं तसं जपावं. चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कान कपाच्या आधी सुकतो आणि सांध्यावर चीर जाते. दोघांची ओल सारखी असतानाच जोडायचं, मग दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं.

४. भट्टी हाताला सोसेल इतकी निवल्याशिवाय उघडायची नाही.

५. नक्षी आपल्या डोळ्यांनी पाहिलेली असावी. इंग्लिश चितारी चिनी फुलं आणि मनोरे गिरवत. ग्लेझखाली कोबाल्टचा निळा. वर लाल, हिरवा, सोनेरी, आणि त्यासाठी पुन्हा मंद भाजणी. वर्षभर मीही तीच फुलं गिरवली. मग एका चैत्रात गडचिरोलीकडे जाताना पहाटे झाडाखाली मोहफुलांचा सडा पाहिला आणि ब्रशला वळण सापडलं. कच्चा कोबाल्ट काळपट दिसतो, निळा होतो तो भट्टीतच; म्हणून थर किती द्यायचा हे हातालाच शिकावं लागतं.

हातानं केलेला कप विकत घेताना संकोच करू नका. टिचकी मारून आवाज ऐका आणि कारागिराला सांगा, आमच्यासमोर यात उकळता चहा ओत.