न डगमगणारा बाक

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही वसाहत तेथील आयुधनिर्माणीमुळे ओळखली जाते. बंदुकीची गोळी किंवा तोफेचा गोळा पुढे लोटणारी दारू या कारखान्यात तयार होते. काडतुसातील दारू पेटली की तिचा वायू बनतो आणि त्या वायूच्या जोराने गोळी नळीतून बाहेर पडते. दारू दर वेळी सारखी जळाली, तर गोळीचा वेगही सारखा राहतो. ती कमीअधिक जळाली, तर एक गोळी वर लागते व दुसरी खाली.

समजा, नेमबाजाने कागदी लक्ष्यावर पाच गोळ्या झाडल्या आणि पाच छिद्रे पाच ठिकाणी पडली. दोष कोणाचा? दारूचा, नळीचा, की नेमबाजाच्या हाताचा? तिन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली असताना नुसती छिद्रे पाहून उत्तर मिळत नाही. म्हणून प्रथम हाताचा कंप दूर करावा लागतो. त्यासाठी मैदानावर भक्कम बाक मांडतात आणि बंदूक त्यावर टेकवून गोळी झाडतात.

हा कंप किती लहान असला तरी चालत नाही, हे गणिताने समजते. बंदूक एक मीटर लांब आहे आणि तिचा दस्ता खांद्याशी स्थिर आहे, असे धरू. नळीचे तोंड केवळ 1 मिलिमीटर बाजूला सरकले, तर 50 मीटरांवर नेम 50 मिलिमीटर चुकतो. या अंतरावरील रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 10.4 मिलिमीटर असतो. म्हणजे नळीचे तोंड मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने हलले, तरी मध्यावर धरलेला नेम वर्तुळाच्या कडेपाशी जातो.

नेमबाजीचे मैदान वस्तीपासून दूर असते. त्यामुळे बाक सुटा करून नेता यावा लागतो. परंतु जी वस्तू सुटी होते, तिचे सांधे ढिले पडण्याचे भय असते. आणि ढिला सांधा हलतो. सुटेपणा आणि भक्कमपणा यांचा मेळ घालणे, हीच येथे सुताराची कसोटी होय.

पहिला प्रश्न पायांचा. उंचसखल जमिनीवर चार पायांचे मेज ठेवले, तर बहुधा एक पाय अधांतरी राहतो आणि मेज डुगडुगते. तीन पायांची टोके मात्र कोणत्याही जमिनीवर एकाच वेळी टेकतात. भूमापकाच्या मेजालाही तीनच पाय असतात, ते याच कारणाने. मात्र तीन पायांच्या बाकाची एक उणीव आहे. पायांच्या त्रिकोणाबाहेर भार पडला, तर तो कलंडतो. म्हणून पाय बाहेरच्या बाजूस तिरपे बसवतात. जेथे नेमबाजाची कोपरे टेकतात, तेथे दोन पाय असतात व पुढे एक.

दुसरा प्रश्न सांध्याचा. बाकाची फळी चांगल्या मुरलेल्या सागाची, सुमारे चार सेंटिमीटर जाडीची घेतात. ती वाकू नये, म्हणून खालून आडव्या पट्ट्या बसवतात. पाय बसवण्याच्या जागी गिरमिटाने भोक पाडून ते कानशीने वर निमुळते करतात. पायाचे वरचे टोकही तसेच निमुळते तासतात. फळीवर जसा भार पडतो, तसा पाय भोकात अधिक घट्ट रुततो. परत नेताना पायाला बाजूने लाकडी हातोडीचे हलके ठोके दिले की तो निघून येतो. खिळा नाही, मळसूत्र नाही. भारच सांधा आवळून धरतो. पावसाळ्यात लाकूड फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. यासाठी पायांना व भोकांना खुणा करून, ज्याचा पाय त्याच भोकात बसवतात.

तिसरी गोष्ट बसण्याची. बसायचे आसन बाकाला जोडले, तर नेमबाजाच्या शरीराची प्रत्येक हालचाल फळीपर्यंत पोहोचते. म्हणून आसन वेगळे ठेवणे चांगले. बंदुकीखाली पुढे व मागे वाळूच्या पिशव्या ठेवतात. वाळू बंदुकीचा आकार घेते आणि तिला डळमळू देत नाही. हे सारे काम परवाना असलेल्या मैदानावर, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच करायचे असते.

ऑलिम्पिकच्या स्पर्धेत मात्र रायफल बाकावर टेकवता येत नाही. तेथे नेमबाजाला स्वतःच्या शरीराचाच बाक करावा लागतो. पालथे पडून नेम धरताना त्याची दोन कोपरे व धड जमिनीला टेकतात. गुडघा टेकून बसल्यावर एक पाऊल, दुसरा गुडघा आणि त्याच पायाची बोटे असे तीन आधार मिळतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिक येथे, 50 मीटर रायफलच्या पालथ्या स्थितीतील स्पर्धेत 600 पैकी 597 गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद पटकावले. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तीन स्थितींच्या रायफल स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.

बाक गोळी झाडत नाही आणि नेमही धरत नाही. तो फक्त हलत नाही. पण तो हलत नाही म्हणूनच दारूचा दोष दारूच्या आणि नळीचा दोष नळीच्या पदरात पडतो. चूक नेमकी कोठे आहे हे ज्याला शोधायचे आहे, त्याने प्रथम आपला आधार स्थिर करावा.

शब्दार्थ
दस्ता – बंदुकीचा खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. गिरमिट – लाकडाला भोक पाडण्याचे हत्यार. निमुळते – एका टोकाकडे बारीक होत गेलेले. मुरलेले लाकूड – पुरेसे वाळून स्थिर झालेले लाकूड.

स्वाध्याय
1. पाच गोळ्या पाच ठिकाणी लागल्या, तर दोष कोणाचा हे लगेच का सांगता येत नाही?
2. तीन पायांच्या बाकाचा गुण कोणता व उणीव कोणती?
3. ‘भारच सांधा आवळून धरतो’ हे वाक्य आकृती काढून स्पष्ट करा.
4. घरातील तीन पायांच्या वस्तूंची यादी करा व त्यांना तीनच पाय का असावेत ते लिहा.